गावदप्तरातील पुनरुक्त नोंदी व त्यांचे शुद्धीकरण

जमीनविषयक अभिलेखाच्या तक्त्यात एकच नाव, क्षेत्र वा शेरा एकाहून अधिक रकान्यांत किंवा ओळींत विनाकारण पुन:पुन्हा येतो, तेव्हा त्यास पुनरुक्त नोंद म्हणता येईल. अशा नोंदी शोधून, त्यांतील आवश्यक व अनावश्यक भाग वेगळे करून, अभिलेख एकवाक्य व वाचनीय करणे म्हणजे त्यांचे शुद्धीकरण होय. हिशेबाच्या कोणत्याही तक्त्यात हा दोष उद्भवू शकतो. परंतु गावाच्या महसुली दप्तरात त्यास विशेष गांभीर्य येते. कारण तेथील प्रत्येक ओळ कोणाच्या तरी हक्काशी निगडित असते आणि पुनरुक्ती समजून खोडलेली ओळ प्रत्यक्षात दुसऱ्याच व्यक्तीचा हक्क असू शकते. महाराष्ट्रातील अधिकार अभिलेखाचा, म्हणजे सर्वसामान्यांच्या परिचयाच्या सातबारा उताऱ्याचा, इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर मार्गावरील हडपसर (ता. हवेली) यासारख्या गावी, जेथे बागायती शेती, वारसांतील वाटण्या, औद्योगिक वसाहत व शहराची वाढ या सर्वांचे थर एकाच दप्तरावर चढले, तेथे हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो.

पूर्वपीठिका : मराठी हिशेबपद्धतीस पुनरुक्तीची अडचण पूर्वीपासून ज्ञात होती. एकदा लिहिलेला मजकूर पुन्हा लिहावा लागू नये म्हणून मोडी कागदांत ‘मजकूर’, ‘सदरहू’, ‘कित्ता’, ‘ऐजन’ यांसारखे शब्द योजीत. ‘कित्ता’ वा ‘ऐजन’ याचा अर्थ ‘वरीलप्रमाणेच’ असा होई. ही युक्ती कागदापुरती निर्दोष होती. कारण कागदावरील ओळींचा क्रम बदलत नाही व ‘ऐजन’ हा शब्द नेमका कोणत्या मजकुराचा निर्देश करतो, हे त्याच्या स्थानावरूनच कळते. ओळींचा क्रम बदलताच मात्र तो निरर्थक होतो. या मर्यादेचे परिणाम पुढे संगणकाच्या काळात जाणवले.

मराठा अमलातील थळझाड्यांत गावातील जमीन थळांनुसार मांडलेली असे. पुष्कळ थळांस मूळ मिरासदार कुळांची नावे असत आणि ते कुळ नष्ट वा परागंदा झाल्यावर त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून ओळखली जात असली, तरी जुने नाव कागदावर राहत असे. जमीन कसणारा एक व कागदावरील नाव दुसऱ्याचे, ही स्थिती म्हणजे केवळ अलीकडच्या काळातील कारभाराचा दोष नव्हे, हे यावरून दिसून येते.

भूमापन व खातेदार : पेशवाईच्या अस्तानंतर पुणे जिल्ह्यात प्रिंगल याने केलेली पहिली मोजणी व आकारणी अयशस्वी ठरली. त्यानंतर १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीचा प्रारंभ केला व १८४७ च्या संयुक्त अहवालात तिची तत्त्वे निश्चित झाली. या पद्धतीत जमिनीचा प्रत्येक तुकडा ठरावीक हद्दखुणांनी बांधून त्यास भूमापन क्रमांक देण्यात आला. जमिनीची ओळख मालकाच्या वा थळाच्या नावावर अवलंबून न ठेवता एका अचल क्रमांकावर बसविणे, ही अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने मोठी सुधारणा होती. मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो. त्यामुळे जमिनीचे वर्णन प्रत्येक व्यवहारात नव्याने लिहिण्याचे कारण उरत नाही.

तथापि या नोंदवहीचा हेतू सारावसुलीचा होता. सारा भरण्यास जबाबदार असा एक खातेदार तीत दाखल असे; तो बहुधा कुटुंबातील वडीलधारा असे व अनेकदा तो मृत झाल्यावरही त्याचेच नाव चालू राही. प्रत्यक्षात जमीन भावाभावांत वाटली गेलेली असे. ही तफावत दूर करण्यासाठी १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा करण्यात आला व १९१३ मध्ये त्यातील तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. यामुळे खातेदाराखेरीज सहहिस्सेदार, कूळ, गहाणदार अशा सर्व हितसंबंधितांची नावे अभिलेखात येऊ लागली. अभिलेख अधिक सत्य झाला. परंतु नावांची संख्या व त्याबरोबर पुनरुक्तीची शक्यता अनेक पटींनी वाढली.

ही वाढ किती झपाट्याने झाली, याचा अंदाज हॅरल्ड मान याने हवेली तालुक्यातीलच पिंपळे सौदागर या गावाच्या केलेल्या व १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून येतो. तेथे १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. हडपसरला खडकवासला धरणाच्या उजव्या मुठा कालव्याचे पाणी मिळाल्याने ऊस व भाजीपाल्याची लागवड शक्य झाली. पाण्याखालील लहान तुकडाही उपजीविकेस उपयोगी पडत असल्यामुळे अशा जमिनीत हिस्सा सोडून देण्याची प्रवृत्ती कमी असते. भूमापन क्रमांकाचे हिस्से, हिश्श्यांचे पोटहिस्से आणि प्रत्येकात त्याच कुटुंबातील त्याच वारसांची नावे, अशी रचना बागायती गावांच्या दप्तरात म्हणूनच सर्रास आढळते.

गाव नमुन्यांची रचना : ब्रिटिश अमदानीत अँडरसन यांच्या महसुली लेख्यांविषयीच्या पुस्तिकेने गावदप्तराचे नमुने निश्चित केले. त्यांपैकी चार येथे महत्त्वाचे आहेत. नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीच्या हक्कात होणारा प्रत्येक बदल तीत अनुक्रमांकाने नोंदला जातो. नमुना ७ हा अधिकार अभिलेख असून तो जमिनीच्या क्रमांकानुसार असतो. नमुना ८ अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखवितात. नमुना १२ ही पिकांची नोंदवही होय. सात व बारा हे नमुने एकाच कागदावर आणल्यामुळे ‘सातबारा’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तदनुषंगिक १९७१ चे नियम यांनी हीच रचना कायम ठेवली.

या रचनेचे मर्म असे, की घटना एका वहीत, जमीन दुसऱ्या वहीत व व्यक्ती तिसऱ्या वहीत नोंदविली जाते आणि फेरफार क्रमांक, भूमापन क्रमांक व खाते क्रमांक हे तीन आकडे त्या वह्यांना एकमेकींशी जोडतात. खरेदीखत कोणत्या तारखेचे व किती रकमेचे हा तपशील फेरफार नोंदीत एकदाच यावा व सातबाऱ्यावर केवळ तिचा क्रमांक वर्तुळात लिहावा, अशी पद्धत होती. आय. बी. एम. या कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संगणकीय माहितीसाठ्यांसाठी जो संबंधाधिष्ठित सिद्धांत मांडला व पुढील काही वर्षांत त्याला ‘सामान्यीकरणा’च्या नियमांची जोड दिली, त्याचे तात्पर्यही बव्हंशी हेच आहे : प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवावी व अन्यत्र तिचा केवळ निर्देश करावा. तसे न केल्यास दुरुस्ती एका ठिकाणी होते, दुसऱ्या ठिकाणी राहून जाते आणि एकच अभिलेख परस्परविरोधी माहिती देऊ लागतो.

पुनरुक्तीची कारणे व प्रकार : रचना अशी असूनही व्यवहारात पुनरुक्ती वाढली, याचे प्रमुख कारण हस्तलेखन होय. पिकांचे वार्षिक रकाने भरत आल्यावर साधारणतः दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन करीत. त्यावेळी रद्द नोंदी वगळून चालू नोंदी तेवढ्या नव्या कागदावर उतरविणे अपेक्षित असे. परंतु जोखीम टाळण्यासाठी तलाठी पुष्कळदा सर्वच मजकूर जसाच्या तसा उतरवून घेई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुने दप्तर मोडीत होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसल्याने बाळबोधीत उतरविताना एकच नाव ‘कोंडिबा’, ‘कोंडीबा’ असे भिन्न रूपांत आले व एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती झाल्या.

पुनरुक्तीचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला प्रकार क्षेत्राचा. सामाईक जमिनीत चार भावांची नावे असता प्रत्येक नावापुढे संपूर्ण क्षेत्र लिहिले गेल्यास वाचणाऱ्या माणसाला त्यातील अर्थ कळतो. बेरीज करणाऱ्या यंत्राला मात्र एक हेक्टर जमीन चार हेक्टर दिसते. दुसरा प्रकार रकान्यांतील नावांचा. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी पात्र कुळे जमिनीची मानीव खरेदीदार ठरली. ज्यांची खरेदी पूर्ण झाली, त्यांची नावे कुळाच्या रकान्यातून भोगवटादाराच्या रकान्यात जावयास हवी होती. काही ठिकाणी ती नव्या रकान्यात आली, पण जुन्यातून निघाली नाहीत. परिणामी एकच शेतकरी त्याच जमिनीचा भोगवटादार व स्वतःचेच कूळ असा दुहेरी दिसू लागला. तिसरा प्रकार शेऱ्यांचा. ‘अपाक’ (अज्ञान पालक कर्ता) व ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) हे शेरे अज्ञान मूल सज्ञान झाल्यावर अथवा कुटुंब विभक्त झाल्यावर निघावयास हवेत. परंतु नावास ते कायमचे चिकटून राहिले. फिटलेली तगाई, बांधबंदिस्तीचे बोजे, जुनी सावकारी कर्जे हे शेरेही ‘इतर अधिकार’ या रकान्यात पिढ्यानपिढ्या उतरत आले. चौथा प्रकार फेरफार क्रमांकांचा. प्रत्येक नावाभोवती जुन्या क्रमांकांची वर्तुळे साचत गेल्याने मूळ नाव वाचणेही अवघड झाले.

संगणकीकरण : भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रीत्या सुरू झाली; त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर हस्तलिखित सातबारे संगणकात भरण्यात आले. या टप्प्यावर ‘वरीलप्रमाणे’ या जुन्या युक्तीची मर्यादा उघड झाली. संगणकातील तक्त्यात प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण असावी लागते. अवतरणचिन्हासारख्या खुणेने दाखविलेला मजकूर भरताना एक तर तो रकाना कोरा राहिला, नाही तर वरचा मजकूर प्रत्येक ओळीत शब्दशः भरला गेला. कागदावर झाकलेली पुनरुक्ती अशा रीतीने उघडी पडली आणि तिच्यात टंकलेखनाच्या चुकांची भर पडली.

दुरुस्तीसाठी ‘एडिट’ व ‘री-एडिट’ या नावांची संगणकीय साधने तलाठ्यांस देण्यात आली. त्यांद्वारे एकाच व्यक्तीची अनेक खाती एकत्र करणे, सामाईक क्षेत्र एकदाच दर्शविणे व सातबारा आणि आठ अ यांतील क्षेत्रांचा मेळ घालणे ही कामे झाली. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी ‘चावडी वाचन’ घेण्यात आले. संगणकातील उतारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावेत व मूळ हस्तलिखिताशी असलेला फरक त्यांनी निदर्शनास आणावा, असा त्याचा हेतू होता. राज्यात अशा उताऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी असल्याने हे काम केवळ कार्यालयात बसून पुरे होण्यासारखे नव्हते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे उपलब्ध झाले.

सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यातच बदल करण्यात आला. खाते क्रमांक खातेदाराच्या नावासोबत आला. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेषा आली. मयत खातेदार, कमी झालेले बोजे व रद्द नोंदी यांच्यावर आडवी रेषा ओढण्यात येऊ लागली. आणि नावांभोवती साचलेले जुने फेरफार क्रमांक एका स्वतंत्र रकान्यात एकत्र करण्यात आले. अकृषिक जमिनीच्या उताऱ्यास नमुना १२ ची आवश्यकता नाही, अशी सूचना त्यावर येऊ लागली. हडपसरसारख्या नागरी झालेल्या गावात हा बदल विशेष अर्थपूर्ण होता; कारण इमारती उभ्या राहिलेल्या जमिनींच्या उताऱ्यांवर पिकांचे कोरे रकाने छापण्याचे प्रयोजन उरले नव्हते.

यंत्राची मर्यादा व कायद्याचे संरक्षण : सारखा मजकूर शोधणे यंत्रास सुलभ आहे, तो मजकूर एकाच व्यक्तीचा आहे की नाही, हे ठरविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. महाराष्ट्रात आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे गणपत तुकाराम याचा मुलगा तुकाराम गणपत व नातू पुन्हा गणपत तुकाराम असे घडते. आडनाव एकच असल्याने आजोबा व नातू यांची पूर्ण नावे अक्षरशः एकरूप होतात आणि नाव पुनरुक्त समजून काढल्यास नातवाचा हिस्सा नाहीसा होतो. याच्या उलट, एकच स्त्री माहेरच्या उताऱ्यावर एकदा वडिलांच्या नावाने व एकदा पतीच्या नावाने आल्यास ती दोन व्यक्ती म्हणून राहते. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क देणारी तरतूद महाराष्ट्रात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये झाल्यानंतर या दुसऱ्या प्रकारास अधिक महत्त्व आले.

एका आडनावाच्या वस्तीत ही गुंतागुंत किती जोखमीची असते, याची कल्पना हडपसर येथील मगरपट्टा नगरीवरून येते. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील ४०० एकरांहून अधिक शेतजमीन सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी एकत्र आणली व २००० च्या सुमारास कंपनी स्थापून जमिनीच्या प्रमाणात भागधारणा स्वीकारली. या कुटुंबांत मगर आडनावाची कुटुंबे बहुसंख्य होती. जेथे जमिनीचे क्षेत्र हेच भागभांडवलाचे माप ठरते, तेथे एखादे नाव दोनदा येणे वा एकदाही न येणे हा लेखनदोष राहत नाही. त्याचा परिणाम कुटुंबाच्या पुढील पिढ्यांच्या उत्पन्नावर होतो.

या कारणास्तव महसूल कायद्याने शुद्धीकरणावर बंधने घातली आहेत. संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद चावडीत प्रसिद्ध करावी लागते, हितसंबंधितांस कळवावे लागते व हरकतीची मुदत संपल्यावरच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. परंतु अधिकाऱ्याच्या स्वतःच्या तपासणीत आढळलेली चूकही संबंधितांस नोटीस दिल्यावाचून दुरुस्त करता येत नाही. कलम १५७ नुसार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ती मालकी निर्माण करीत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केले आहे. तरीही पीककर्ज, नुकसानभरपाई व खरेदी-विक्री यांसाठी सामान्य शेतकऱ्यास तिचाच आधार असतो.

जुन्या तलाठी दप्तरातील एक प्रघात या संदर्भात उल्लेखनीय आहे. कमी झालेले नाव पुसून न टाकता त्यास कंस करीत व ज्या फेरफाराने ते कमी झाले त्याचा क्रमांक शेजारी लिहीत. त्यामुळे चालू स्थिती स्पष्ट होई व पूर्वीची स्थितीही वाचता येई. २०२० च्या नमुन्यातील आडवी रेषा ही या कंसाचीच पुढील अवस्था होय. अभिलेख स्वच्छ करणे व अभिलेख नष्ट करणे यांतील भेद या प्रघातात सांभाळलेला आहे. चुकीने कमी झालेले नाव पुन्हा दाखल करून घेण्याची वाट त्यामुळेच खुली राहते; ज्या शुद्धीकरणात जुना मजकूर मागे कोठेच उरत नाही, तेथे ती बंद होते.

अलीकडील प्रयत्न : २०२५ मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेण्यात आली. तिच्या पहिल्या टप्प्यात मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे घेण्यावर व पुढील टप्प्यात ‘अपाक’, ‘ए. कु. मॅ.’, तगाई, बंडिंग बोजे यांसारखे कालबाह्य शेरे कमी करण्यावर भर होता. हे सर्व फेरफार नोंदीद्वारे व्हावयाचे असल्याने नाव वा शेरा का निघाला, याचा पुरावा दप्तरात राहतो. तलाठी या पदास दरम्यान ग्राम महसूल अधिकारी असे नाव देण्यात आले असले, तरी दप्तराची जबाबदारी तीच आहे.

नागरी भागात पुनरुक्तीचा आणखी एक प्रकार उरतो. नगर भूमापन झालेल्या क्षेत्रात जमिनीची मिळकत पत्रिका तयार होते. त्यानंतरही सातबारा चालू राहिल्यास एकाच जमिनीचे दोन अभिलेख, दोन वेगळ्या कार्यालयांत, निरनिराळ्या नावांनी नांदू शकतात व त्यांपैकी जुन्याच्या आधारे व्यवहार करून फसवणूक होण्याचा संभव असतो. येथे एका तक्त्यातील दोन रकाने नव्हे, तर दोन संपूर्ण तक्तेच परस्परांची पुनरुक्ती करीत असतात. त्यांपैकी एक बंद करताना त्यातील कुळाचा, वारसाचा वा बोजाचा प्रत्येक जिवंत हक्क दुसऱ्यात उतरला आहे याची ओळीओळीने खात्री करून घ्यावी लागते. त्यासाठी उताऱ्याबरोबरच मूळ फेरफार, हिस्सा मोजणीचे कागद व आवश्यक तेथे मोडी दप्तरही पाहावे लागते.